डेस्कटॉप कोरा झाला? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

घरातला जुना कॉम्प्युटर, त्यावर विंडोज सेव्हन. सकाळी पासवर्ड टाकला आणि नेहमीच्या 'वेलकम'ऐवजी 'प्रिपेअरिंग युवर डेस्कटॉप' अशी ओळ दिसली, तर तिथेच सावध व्हा. ही ओळ नव्या खात्यात पहिल्यांदा शिरताना येते. दहा वर्षं वापरातल्या खात्यात तिचं काही काम नाही.

थोड्या वेळाने निळा, कोरा डेस्कटॉप उघडतो. नातवाचा फोटो नाही, फोल्डर नाहीत, ब्राउझरमधले बुकमार्क नाहीत. घड्याळाजवळ एक फुगा येतो, तुम्ही टेम्पररी प्रोफाइलवर, म्हणजे खात्याच्या तात्पुरत्या मांडणीवर, आहात असं सांगतो आणि वाचून व्हायच्या आत नाहीसा होतो. मग घरात एकच आरडाओरडा: व्हायरस आला, सगळं उडालं. वॉलपेपर पुन्हा लावला की तेवढ्यापुरता टिकतो, बंद करून चालू केलं की पुन्हा निळं.

उडालेलं सहसा काहीच नसतं. तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो हे सगळं सी ड्राइव्हवर 'यूजर्स' फोल्डरात तुमच्या नावाखाली असतं. त्याच फोल्डरात 'एनटीयूजर डॉट डॅट' नावाची एक लपलेली फाइल असते. वॉलपेपर कोणता, नेहमीचा प्रिंटर कोणता, माउस डावरा की उजवा, अशा तुमच्या आवडीनिवडी तिच्यात. लॉगिन करताना विंडोजला ही फाइल उघडता आली नाही, किंवा तिचा पत्ताच सापडला नाही, तर ते तुम्हाला दाराबाहेर ठेवत नाही. 'टेम्प' नावाचं तात्पुरतं फोल्डर करून त्यात बसवतं. वाड्याचं कुलूप अडकलं म्हणून पाहुण्याला ओसरीवर सतरंजी टाकून द्यावी, तसं. लॉग ऑफ केलं की सतरंजी गुंडाळली जाते, आणि तिच्यावर जे ठेवलं असेल तेही जातं.

सगळ्यात महाग चूक: ओसरीवरच संसार मांडणे

आमच्या शेजारच्या काकू महिला बचत गटाचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. त्यांच्याकडे हेच झालं. आयकॉन गेले तर गेले, म्हणून त्यांनी नवी शीट उघडली, तीन तास आकडे भरले, डेस्कटॉपवर सेव्ह केली आणि कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी शीट नाही. बाकी सगळं मिळालं, पण ती एक फाइल मिळाली नाही. 'डेस्कटॉपवर नको, डॉक्युमेंट्समध्ये ठेवू' हाही उपाय नव्हे, कारण यावेळी दिसणारं डॉक्युमेंट्स फोल्डरही त्या तात्पुरत्या जागेतलंच असतं. काही तयार झालंच असेल तर बंद करण्याआधी डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

रीस्टार्टचा जप

एकदा पूर्ण बंद करून, पाच मिनिटं थांबून चालू करणं योग्यच आहे. कधी कधी अँटिव्हायरस नेमकी तीच फाइल तपासत बसलेला असतो, विंडोजला ती मिळत नाही आणि पुढच्या खेपेला सगळं सुरळीत होतं. दोनदा करूनही निळंच आलं तर थांबा. डिस्क आजारी असेल तर प्रत्येक रीस्टार्टने तिचं दुखणं वाढवताय.

फोल्डर हाताने उडवणे

ही चूक गमतीची आहे, कारण ती रोगही आहे आणि चुकीचं औषधही. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला म्हणून 'यूजर्स'मध्ये जाऊन त्याच्या नावाचं फोल्डर डिलीट करतात. पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, त्याची नोंद तशीच राहते. तो दिवाळीला येऊन लॉगिन करतो, विंडोज जुन्या पत्त्यावर जातं, तिथे घर नाही, झाली टेम्पररी प्रोफाइल. प्रोफाइल खरंच काढायची असेल तर कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', तिथे 'यूजर प्रोफाइल्स', आणि तिथलं डिलीट बटण. म्हणजे फोल्डर आणि नोंद दोन्ही एकदम जातात. आणि डेस्कटॉप कोरा आला म्हणून 'जुनं खराब फोल्डर' उडवायला निघाला असाल तर हात आवरा, तुमचा सगळा माल त्यातच आहे.

रजिस्ट्रीत घाई

खरी दुरुस्ती बहुतेक वेळा इथेच होते आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो, म्हणून हे सावकाश वाचा. शक्यतो दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून, काम करा. कॉम्प्युटर नुकताच चालू केलेला असावा आणि बिघडलेल्या खात्यात त्यावेळी कोणी शिरलेलं नसावं.

स्टार्टमध्ये 'रेजएडिट' उघडा. एचकी लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन आणि शेवटी 'प्रोफाइल लिस्ट' असं उतरत जा. काहीही बदलण्याआधी 'प्रोफाइल लिस्ट'वर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा. घोळ झाला तर तीच फाइल वाचवेल.

आत 'एस-१-५'ने सुरू होणाऱ्या नोंदी दिसतील. शेवटी १८, १९ आणि २० असलेल्या तीन आखूड नोंदी विंडोजच्या स्वतःच्या, त्यांना शिवू नका. लांबलचक आकड्यांच्या नोंदी माणसांच्या. एकावर क्लिक केलं की उजवीकडे 'प्रोफाइल इमेज पाथ' दिसतो, त्यात नाव वाचा. बिघाड झालेला असेल तर अगदी सारख्याच आकड्यांच्या दोन नोंदी सापडतात. एकीच्या शेपटीला 'डॉट बीएके', ही तुमची खरी. दुसरी बिनशेपटीची, तिचा पत्ता 'टेम्प'कडे बोट दाखवतो. लोक इथे घाईने बिनशेपटीची नोंद उडवतात. उडवायची गरज नाही, अदलाबदल करा. बिनशेपटीच्या नावापुढे आधी 'डॉट बीए' लावा, मग खरीच्या नावातला 'डॉट बीएके' काढा, आणि शेवटी पहिलीचा 'डॉट बीए' बदलून 'डॉट बीएके' करा. एकच नोंद असेल आणि तिला शेपूट असेल तर नुसती शेपूट काढली की झालं. मग खऱ्या नोंदीत 'स्टेट' आणि 'रेफ काउंट' उघडून दोन्हींत शून्य भरा. रीस्टार्ट करा. नातवाचा फोटो परत यायला हवा.

रजिस्ट्री साफ करून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं या कामाला लावू नका. त्यांना डॉट बीएकेवाली नोंद कचराच वाटू शकते.

तरीही नाही जमलं तर

मग एनटीयूजर फाइलच फाटलेली असणार. तिच्याशी झोंबण्यात अर्थ नाही. नवं खातं उघडा, त्यात एकदा लॉगिन करून बाहेर या, आणि अ‍ॅडमिन खात्यातून जुन्या फोल्डरातला माल नव्यात कॉपी करा. नावात 'एनटीयूजर' असलेल्या लपलेल्या फाइली मात्र घेऊ नका, नाहीतर जुना रोग सोबत येईल. फायरफॉक्सचे बुकमार्क किंवा थंडरबर्डच्या मेल 'अ‍ॅप डेटा' या लपलेल्या फोल्डरात असतात; लपलेल्या फाइली दाखवणारा पर्याय चालू केल्याशिवाय ते दिसतही नाही.

दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू, तासाभरात देतो. त्याचा तास वाचतो, तुमचे चार दिवस जातात. जुन्या मराठी टायपिंगचे श्रीलिपी, कृतीदेवसारखे फॉन्ट नव्या खात्यातही दिसतात, कारण ते सहसा विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात बसवलेले असतात. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की जातात. मग वीस वर्षांच्या पत्रिका आणि अर्ज उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

डेस्कटॉप परत आला म्हणून विसरणे

फाइल मुळात का फाटली, हे बघायचं राहून जातं. लॉग ऑफ होत असताना वीज गेली, किंवा बंद व्हायला वेळ लागतो म्हणून बटण दाबून ठेवलं, तर ती अर्धवट लिहिली जाऊ शकते. लोडशेडिंगच्या गावात मेलेल्या बॅटरीचा यूपीएस म्हणजे नुसतं एक्स्टेन्शन बोर्ड.

दुसरा संशयित हार्ड डिस्क. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर तिची प्रकृती रंगात दाखवतं. निळं असेल तर सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून चेक डिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवा. पिवळं किंवा लाल असेल तर चेक डिस्कच्या नादी लागण्याआधी माल बाहेर काढा, कारण मरणाऱ्या डिस्कला ती कसरत झेपेलच असं नाही.

काकूंच्या डिस्कवर पिवळं निघालं. आधी गटाचे सगळे हिशेब पेनड्राइव्हवर घेतले, मग डिस्क बदलली. ते तीन तासांचे आकडे मात्र काकूंनी वहीवरून पुन्हा भरले, आणि मला वाचून दाखवायला बसवलं.