दाजींच्या बोलेरोतल्या पत्र्याच्या मॅट

दाजींची बोलेरो शेडसमोर उभी राहिली की आधी चिखलाचा वास येतो. कराडच्या पुढं नदीकाठचं काळं रान त्यांचं. पावसाळ्यात माणूस गाडीत चढतो तो पायाला किलोभर माती घेऊनच. मागं दुधाचे कॅन, पुढं पायापाशी कधी खताचं पोतं तर कधी पाण्याची मोटर. रबरी मॅट वर्षभरात फाटायच्या, म्हणून म्हणाले, "पाव्हणं, पत्र्याचं कायतरी करा." मी ग्रील, गेट, ट्रॉल्या करणारा माणूस. म्हटलं, दोन तासांचं काम.

पहिला सेट केला घरात पडलेल्या 2 मिमी लोखंडी पत्र्याचा. तिथंच चुकलो. 2 मिमी जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा पावणेसोळा किलोच्या आसपास भरतो, ॲल्युमिनियमचा साधारण साडेपाच. धुवायला काढताना दाजींची कंबर धरली आणि दिवाळीपर्यंत पत्रा खालून पार गंजला. तेव्हा ॲल्युमिनियमचाच घ्या, तांदळाच्या दाण्यासारखी उठावाची नक्षी असलेला चेकर पत्रा, एसटीच्या पायरीवर असतो तसला. 2 मिमी पुरतो. आठ बाय चारचा अख्खा पत्रा लागत नाही. बसची बॉडी बांधतात तिथं उरलेले तुकडे किलोवर मिळतात.

एक आधीच सांगतो. गाडी फक्त लग्नकार्याला बाहेर काढत असाल तर या भानगडीत पडू नका, रबरी मॅटच बरी.

खरं काम पुठ्ठ्याचं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला, कात्रीनं कापतो आणि वाकतोही. अख्ख्या मॅटचा आकार एकदम कापायला जाऊ नका. मधे एक चौकोन ठेवा आणि कडेकडेनं तळहाताएवढे तुकडे सरकवत न्या. तुकडा दाराच्या उंबऱ्याला टेकला की टेप मारा, गिअरच्या उंचवट्याला टेकला की टेप मारा. सीट पुढं-मागं सरकवून पट्टीत काही अडकत नाही ना, ते बघा. मग सगळीकडून 5 मिमी आत घ्या. रबर दबून बसतं, पत्रा दबत नाही. पुठ्ठ्यावर "वर" असं लिहा आणि इंजिनाकडं बाण काढा.

हे लिहायला का सांगतोय? पत्र्यावर आखणी मागच्या गुळगुळीत बाजूनं सोपी जाते. पण मग पुठ्ठा पालथा ठेवायला लागतो. मी सुलटा ठेवला. मस्त कापलेली मॅट उलटवली तर गिअरकडची खाच दाराकडं! तो तुकडा आता शेडच्या पायरीवर आहे.

कापायला जिगसॉ, म्हणजे पातं वर-खाली चालणारी विजेची करवत, घ्या, पात्याला अधूनमधून रॉकेलचा थेंब द्या. ग्राइंडरला लोखंडाचं कटिंग व्हील लावून ॲल्युमिनियम कापू नका. धातू व्हीलमध्ये भरतो, व्हील तापतं आणि फुटूही शकतं. कानसही अशीच भरते, म्हणून आधी तिच्यावर शाळेतला खडू घासा. कोपरे दहा रुपयांचं नाणं ठेवून गोल आखा. कड बोटानं नाही, जुन्या पायमोज्यानं तपासा. धागा अडकला तिथं अजून कानस मारा. शेवटी कडेनं दाराला लावतात तसली रबरी बीडिंग चढवा.

पुढची कड वर वळवायची असेल तर शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये) दोन अँगलमध्ये, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्यांमध्ये, पत्रा धरा, वर लाकडी फळी ठेवून मोगरीनं एका टोकाकडून दुसरीकडं हळूहळू ठोकत न्या. अँगलची धार आधी थोडी गोल करून घ्या. एकदा वाकवलेलं सरळ करून पुन्हा वाकवू नका, तडा जातो.

खाली 3 मिमी रबरी शीट लावा. नाही लावली तर डांबरी रस्ता सोडल्यावर गाडीत भांडी घासल्यासारखा आवाज येतो. शिवाय ओला ॲल्युमिनियम गाडीच्या पत्र्यावर घासत राहिला की त्याला पांढरी भुकटी धरते आणि खालचा रंग जातो. चपलेचं सोल्युशन दोन्हीकडं लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा.

आता ड्रायव्हरची मॅट. हिला घाई करायची नाही. 2009 साली टोयोटानं अमेरिकेत अडतीस लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, त्या पुढं सरकलेली मॅट ॲक्सिलरेटरला अडकण्याच्या धोक्यापायी. तीही साधी मॅट. इथं तर पत्रा आहे, मुडपणार नाही.

म्हणून ही मॅट पेडलच्या आधीच संपवायची, पेडलखाली न्यायचीच नाही. जुन्या मॅटवर ती टाकायची नाही. गाडीत कंपनीचे हूक असतील तर तिथंच भोक घ्या. दाजींच्या गाडीत नव्हते, मग ॲक्सेसरीच्या दुकानातून फिरकीचे क्लिप आणले. खालची चकती फ्लोअरच्या आच्छादनाखाली जाते, वरून फिरकी आवळते. गाडीच्या तळाला मात्र ड्रिल लावू नका. खालून ब्रेकचे पाईप जातात, डिझेलची लाईन जाते.

बसवल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. दोन्ही हातांनी मॅट जोर लावून पुढं ढकला. हलली तर क्लिप वाढवा. तिन्ही पेडल एकेक करून तळापर्यंत दाबा, सोडा. पेडलच्या आणि मॅटच्या मधे एक इंच तरी मोकळं दिसायला पाहिजे. मग सीट पूर्ण पुढं घेऊन हेच करा. आमच्या ताईची उंची कमी, ती सीट पुढं घेऊन चालवते, आणि दाजींच्या सीटवर बरोबर वाटलेली मॅट तिच्या टाचेला कडेवर टेकत होती. परत काढून कड दोन बोटं मागं घेतली.

ओल्या पत्र्यावर चामड्याची चप्पल घसरते, नक्षी असली तरी. दाजी आता कोल्हापुरी काढून सीटखाली ठेवतात आणि अनवाणी गाडी चालवतात. मग दुपारी फोन येतो, "पाव्हणं, पत्रा तापतोय." टाचेच्या जागी वीतभर रबराचा तुकडा चिकटवून दिलाय.