एसटीतला अभ्यास, वही न उघडता

दापोली-गुहागरकडच्या वाड्यांतली आठवी-नववीची मुलं संध्याकाळी घरी येतात ती दमूनच. एसटी, मग घाटी चढून घर, आणि पावसाळ्यात वर दिवे गेलेले. अशा पोराला 'रोज तीन तास अभ्यासाला बस' सांगून काही होत नाही.

त्यापेक्षा परतीच्या एसटीत वही दप्तरातच ठेवायची आणि आज वर्गात काय झालं ते आठवायचं. विज्ञानाची आकृती बोटाने मांडीवर काढून बघायची. जिथे अडेल तेवढंच घरी पुस्तकात बघायचं. दहा मिनिटं पुरतात. धडा परत परत वाचला की सगळं येतंय असं वाटतं, पण ती नुसती ओळख असते. पेपरात आठवावं लागतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं. म्हणून तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा आठवायचा.

गणपतीत खाडा पडणारच, पडू द्या. आरती सोडून भूमिती करणारं पोर मी तरी अजून पाहिलेलं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र एकच गणित द्या, तेही हमखास सुटणारं. आमच्याकडे ते सुटलं की मुलगी माजघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बरोबरची खूण करते, आणि मग दुसरं गणित स्वतःच मागते.