नाशिकच्या सावलीत फॉक्सग्लोव्ह: बी पेरा, गाडू नका

फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाचं बी खसखशीहून बारीक, आणि रुजायला त्याला उजेड लागतो. म्हणून त्यावर माती लोटू नका. चाळलेल्या कोकोपीट-गांडूळखताच्या ओल्या ट्रेवर बी कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवा, तळहाताने हलकंच दाबा. झारीने पाणी घातलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. त्यापेक्षा ट्रे परातभर पाण्यात ठेवा, माती खालून ओल ओढून घेते.

नाशकात पेरणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. साधी जात दुसऱ्या वर्षी फुलते, पण मधला एप्रिल-मे तिला सोसणं कठीणच. ‘फॉक्सी’सारखी पहिल्याच हंगामात फुलणारी जात घ्या. सकाळचं कोवळं ऊन, पुढे सावली. झाड मात्र पानाफुलांसकट विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. घरात रांगतं मूल असेल तर हा नाद नको.