पुढच्यास ठेच : पुण्यात पहिल्या नोकरीला येणाऱ्यांसाठी

दरवर्षी रिझल्ट लागले की आमच्या लातूरकडची पोरंपोरी पुण्याला निघतात, कुणी हिंजवडीला आयटीत, कुणी चाकण नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत, आणि निघायच्या आधी फोन करून विचारतात की दादा सोबत काय काय आणू. गादी, बादली, कुकर हे सगळं इथं मिळतं हो, त्याची काळजी सोडा. मला सांगायचंय ते वेगळंय. गावाकडून आलेल्या माणसाचे पहिल्या वर्षात पैसे जातात ते उधळपट्टीने फार कमी जातात, बहुतेक वेळा भिडेपायी जातात. घरमालक वयाने मोठा, त्याला कसं म्हणायचं कागद करा म्हणून. एचआरच्या मॅडम घाईत आहेत, त्यांना कसं विचारायचं की हातात नेमके किती येणार. आपल्याकडे म्हणतात ना, भीड ही भिकेची बहीण, ते मी इथं इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगतो.

गावी असतानाच करायचं काम म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बऱ्याच जणांचं नाव आधी असतं, पॅनवर तिसरंच काहीतरी. माझ्या आधारवर वडिलांच्या नावापुढे 'राव' लागलेलं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर नुसतं नाव, एवढ्या दोन अक्षरांसाठी जॉइनिंगला अ‍ॅफिडेव्हिट मागितलं, आणि पीएफचं (भविष्य निर्वाह निधीचं) केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, कितीतरी दिवस अडकून पडलं. दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन आणि बँक पासबुक चारही शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग आणि जन्मतारीख ताडून बघा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा सेंटरवरच्या माणसाने स्क्रीनवर काय टाइप केलंय ते पावती घ्यायच्या आधी वाचा, तो गडबडीत असला तरी वाचा.

आता रूम. हा विषय मोठाय कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच अडकतो.

मालक म्हणतो, कशाला रजिस्टरचा खर्च, स्टँप पेपरवर नोटरी करून टाकू. एजंटही मान डोलावतो. पण महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो करार, अकरा महिन्यांचा असला तरी, रजिस्टर करणं बंधनकारक आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 वाचा, जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, नाही केलं तर त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि रजिस्टर नसलेल्या कराराच्या अटींवरून वाद झाला तर भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला धमकी म्हणून सांगायची गरज नाही, 'काका, मला कंपनीत एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यासाठी) रजिस्टर्डच अ‍ॅग्रीमेंट लागतं' एवढं म्हणा, पुढचं आपोआप होतं. खर्चही लोक समजतात तेवढा नाही. समजा भाडं 15000 आणि डिपॉझिट 50000, तर अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के स्टँप ड्युटी, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. शहरात रजिस्ट्रेशन फी 1000. वरती जे घेतात ते एजंटचे, तो घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येतो त्याचे, आणि ते तुम्ही दोन-तीन ठिकाणी विचारून कमी करू शकता.

करारात कुठे बघायचं ते सांगतो. लॉक-इन किती महिन्यांचा आहे, म्हणजे त्याआधी सोडलं तर काय होणार. नोटीस एक महिन्याची आहे की दोन. डिपॉझिट रूम सोडल्यावर किती दिवसांत परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंगाचे पैसे कोण देणार. हा रंग म्हणजे पुण्यातल्या डिपॉझिटचा कर्दनकाळ आहे, सोडताना मालक भिंतीकडे बघतो आणि म्हणतो पूर्ण फ्लॅट रंगवावा लागेल, आणि एका महिन्याचं भाडं गेलं. आमच्याबरोबर हेच झालेलं. बेडरूमची एक भिंत ओल येऊन फुगलेली, पोपडे हात लावला की खाली पडायचे, खालचा पांढरा चुना दिसायचा. ओल वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येत होती. एका रूममेटने पावसाळ्यातच त्याचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप केलेले, आणि मालकाने त्यावर 'प्लंबरला पाठवतो' असं उत्तर पण दिलेलं. प्लंबर काही आला नाही, पण सोडायच्या वेळी रंगाचा विषय निघाला तेव्हा तो मेसेज काढून समोर धरला आणि कापलेल्यातले बरेचसे पैसे परत आले. म्हणून सांगतो, फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळी मेसेज टाका. चावी घेताना मालकासमोर सगळ्या घराचा व्हिडिओ काढा, गिझर चालू करून, नळ सोडून, कपाटाची दारं उघडून. डिपॉझिट कॅश देऊ नका, बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि रिमार्कमध्ये 'डिपॉझिट' लिहा.

लाईट बिल तर लोक विसरतातच. मालकाकडून 12 आकडी ग्राहक क्रमांक घ्या आणि महावितरणच्या अ‍ॅपवर टाकून बघा मागची थकबाकी आहे का, आणि पहिल्याच दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या पहिल्या बिलात आली तर ती नंतर कोण भरणार यावरून जो वाद होतो तो नको वाटतो. आणि सिलेंडरसाठी ब्लॅकच्या मागे लागू नका, 5 किलोचा छोटा सिलेंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

रूम शोधतानाचा एक धोका मात्र गंभीर आहे. ऑनलाइन फोटो भारी, भाडं एरियाच्या मानाने कमी, आणि मालक म्हणतो मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, फ्लॅट बघायला सोसायटीचा पास लागतो त्याचे पैसे आधी भरा, लगेच रिफंड होतील. मग रिफंडसाठी म्हणून क्यूआर पाठवतो आणि पिन टाकायला लावतो. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, हे घरच्यांनाही शिकवून ठेवा. आमच्या शेजारच्या रूममधल्या एका मुलीचे असेच पैसे गेले, आणि ती दोन दिवस कुणाला बोललीच नाही, घरी काय म्हणतील म्हणून. तेच दोन दिवस फार महागात पडले. असं काही झालं तर त्याच मिनिटाला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठवले जायची शक्यता जास्त. लाजायचं काहीच कारण नाही, शिकलीसवरलेली माणसं रोज यात फसतायत.

मेसचं थोडक्यात. महिन्याचे पैसे भरायच्या आधी आठवडाभर एकेक ताट घेऊन खाऊन बघा, आणि खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करायचा, नियम विचारा. काही ठिकाणी सलग तीन दिवस गेलात तरच खाडा धरतात, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. दिवाळीला गावी जाणार तर तेवढे दिवस पुढच्या महिन्यात मिळणार का, हे आधीच वहीत लिहून घ्या.

आता पगार. पॅकेज ऐकून घरचे पेढे वाटतात आणि पोरगं मनात बाराने भागून मोकळं होतं. समजा सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, 3 लाख 60 हजार आहे, म्हणजे महिना 30000, आणि बेसिक (मूळ पगार) 15000 धरलाय. त्या तीस हजारातच कंपनीचा पीएफचा वाटा 1800 आणि ग्रॅच्युइटीचे सातशे-सव्वासातशे बसवलेले असतात. मग तुमचा स्वतःचा पीएफ 1800 कापतात, प्रोफेशनल टॅक्स 200 जातो, फेब्रुवारीत 300, बायकांना महिना 25000 पर्यंत तो माफ आहे. राहिले साडेपंचवीस हजाराच्या आत. त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) नाहीतर मेडिकल इन्शुरन्स धरला असेल तर आणखी खाली. म्हणून ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी मेलवर सरळ विचारा, महिन्याला बँकेत किती जमा होतील. हा प्रश्न रोज विचारला जातो, कुणाला राग येत नाही. रूमचं बजेट त्या आकड्यावर ठरवा, सीटीसीवर नको.

पीएफचं पासबुक बघून पण बरेच जण घाबरतात, की कंपनीचे 1800 येतात म्हणाले आणि इथं 550 च दिसतायत. तसंच असतं, कंपनीच्या वाट्यातले 1250 पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले तुमच्या पीएफमध्ये. खरी काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची, की पगारातून कापले पण भरलेच नाहीत. कॉन्ट्रॅक्टरकडे काम करणाऱ्या ओळखीच्या पोरांचं असं झालेलं बघितलंय मी, स्लिपवर कपात आणि पासबुक कोरं. महिन्यातून एकदा पासबुक उघडून बघायला किती वेळ लागतो. आणि ई-नॉमिनेशन, म्हणजे पीएफला वारसाचं नाव ऑनलाइन लावायचं काम, जॉइन झाल्याबरोबर करा. पीएफ असलेल्या माणसाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफसोबतच्या ईडीएलआय विम्यातून घरच्यांना 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि नॉमिनेशन नसेल तर आईबापांना त्या दुःखात ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. विषय अप्रिय आहे पण पोरं रोज हायवेवरून बाइकवर जातात, म्हणून बोलतो.

एमआयडीसीत जाणाऱ्यांनी इथं जरा थांबा. पगार 21000 पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं, तुमचे 0.75 टक्के कापतात आणि कंपनी 3.25 टक्के भरते. स्लिपवर ती बारीक रक्कम दिसते आणि कुणी विचारत नाही कशाची म्हणून. माझा एक रूममेट डेंग्यूने प्रायव्हेट हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होता, वडिलांनी सोसायटीतून उचल काढून बिल भरलं, आणि याच्या नावावर ईएसआयचा नंबर कित्येक महिन्यांपासून होता, कंपनीत कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. ईएसआयचं ई-पहचान कार्ड मागून घ्या. चिंचवडला मोहननगरमध्ये आणि इकडे बिबवेवाडीत त्यांची हॉस्पिटलं आहेत. ठरलेले दिवस वर्गणी भरली गेली असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतात. फक्त एक लक्षात घ्या, अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं असेल तर पीएफ आणि ईएसआय दोन्ही लागू होत नाहीत, त्यामुळे लेटरवर अप्रेंटिस लिहिलंय, ट्रेनी लिहिलंय की कॉन्ट्रॅक्टरचं नाव आहे, ते शब्द नीट वाचा.

कुणी नोकरीसाठी ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाला तर देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. बॅकडोअरने लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याशी तर बोलूच नका, तो कितीही ओळखीतला असो, अगदी पाहुण्यातला असला तरी.

आणि कधीतरी ही पहिली नोकरी सोडाल. राजीनामा तोंडी सांगून भागत नाही, मेल करा आणि तारीख त्यात लिहा. नोटीस पिरियड किती आणि पैसे भरून कमी करता येतो का हे ऑफर लेटरमध्ये असतं. शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो, त्यामुळे सगळ्या सॅलरी स्लिप आधीच उतरवून स्वतःकडे ठेवा, रिलीव्हिंग लेटर कधी मिळणार ते लेखी घ्या, फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) पुढच्या जूनमध्ये येतो तर तो पाठवायला पर्सनल मेल आयडी देऊन या. पीएफ काढायची घाई करू नका, पाच वर्षांच्या आत काढला आणि रक्कम 50000 च्या वर असेल तर टीडीएस (आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) कापतात, नव्या कंपनीत त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर करा. जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख टाकली नसेल तर ट्रान्सफर अडकतो, पण त्यासाठी त्यांच्या मागे फिरायची गरज नाही, शेवटची रक्कम जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मध्ये जाऊन ती तारीख आपली आपल्याला टाकता येते, मोबाईलवर आधारचा ओटीपी येतो तेवढाच लागतो.