साहेब नसलेल्या कंपनीत रुजू होताना

नांदेड, परभणी, यवतमाळ, धुळे अशा ठिकाणांहून आपण पुण्यात नोकरीला येतो, तेव्हा पहिली नोकरी बहुतेकदा हिंजवडी, खराडी नाहीतर मगरपट्ट्यातल्या मोठ्या कंपनीत असते. तिथे मॅनेजर असतो, त्याच्या डोक्यावर आणखी एक असतो, आणि काय करायचं ते सांगितलं जातं. बाणेर-बालेवाडीतल्या स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या एखाद्या छोट्या प्रॉडक्ट कंपनीत, किंवा कोथरूडच्या खोलीत बसून परदेशी कंपनीचं काम करताना, पहिल्याच दिवशी वेगळंच ऐकायला मिळू शकतं: ‘आमच्याकडे मॅनेजर नाही, जे महत्त्वाचं वाटेल ते उचला.’ अशा ठिकाणी नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितो आहोत.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. मॅनेजर नाही म्हणजे अधिकार नाही, असं कधीच नसतं. पगार कुणीतरी ठरवतं, कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हेही कुणीतरी ठरवतं. फरक इतकाच, की ते कोण ठरवतं हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. ते शोधून काढणं हे तुमचं पहिलं काम.

या पद्धतींचे प्रकार वेगवेगळे आहेत. आपली कंपनी कुठल्या प्रकारात बसते ते ओळखलं, की पुढची अडचण कुठून येणार याचा अंदाज येतो. पूर्ण सपाट रचनेचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली गेम बनवणारी व्हॉल्व्ह. तिची नवीन कर्मचाऱ्यांसाठीची पुस्तिका २०१२ मध्ये बाहेर आली. टेबलांना चाकं लावलेली, ज्या कामात रस वाटेल तिकडे टेबल ढकलत जायचं, आणि सहकाऱ्यांनी एकमेकांना लावलेल्या क्रमावरून पगार ठरायचा. तिथे काम केलेल्या जेरी एल्सवर्थ यांनी २०१३ मध्ये उघडपणे सांगितलं, की वरवर सपाट दिसणाऱ्या त्या रचनेखाली बलवान लोकांचा एक न दिसणारा थर होता. कोड साठवायची सोय देणाऱ्या गिटहबनेही बरीच वर्षं मॅनेजरविना काढली आणि २०१४ च्या सुमारास मॅनेजर नेमले.

दुसरा प्रकार होलाक्रसीचा. यात माणसाला पद नसतं, भूमिका असतात. एकाच माणसाकडे चार-पाच भूमिका असू शकतात. प्रत्येक भूमिकेचं काम आणि अधिकार लेखी असतात, आणि ते बदलायची बैठकही ठरलेल्या नियमांनी चालते. ऑनलाइन चपला-बूट विकणाऱ्या झॅपोसने २०१३ मध्ये ही पद्धत घेतली. २०१५ मध्ये ‘पटत नसेल तर पैसे घेऊन जा’ असा प्रस्ताव दिला, तेव्हा सुमारे १४ टक्के लोक निघून गेले. ब्लॉग लिहायची साइट चालवणाऱ्या मीडियमने २०१६ मध्ये ती सोडली, कारण अनेक गटांना जोडणाऱ्या मोठ्या कामांचा ताळमेळ घालण्यात फार वेळ जात होता. अशा कंपनीत तुमचा त्रास नियमांच्या गर्दीचा असेल. त्यावर उपाय एकच: पहिल्याच आठवड्यात आपल्या भूमिकांचं लेखी वर्णन दोनदा वाचून काढायचं.

तिसरा प्रकार ओपन सोर्समधून, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या जगातून आलेला, आणि आमच्या मते नवख्याला सगळ्यात न्याय देणारा, कारण त्यात सगळं लेखी असतं. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत +१ (होकार), ० (तटस्थ) आणि -१ (नकार) अशी मतं पडतात. कोडमधल्या बदलाला -१ दिला तर तांत्रिक कारण द्यावं लागतं, नाहीतर तो नकार धरत नाहीत. जगभरच्या लोकांना वाचायला वेळ मिळावा म्हणून निदान ७२ तास थांबतात. चौथा प्रकार, कर्मचारीच मालक असलेली कंपनी, आपल्याकडे दुर्मिळ आहे. बंगळुरूची निलेन्सो तशी आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिल्या आठवड्यात मागच्या तीन महिन्यांतले दहा निर्णय शोधून काढा. नवीन लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) का घेतली, एखादं फीचर का थांबलं, अमक्या ग्राहकाला सवलत कशी मिळाली. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कुणी सुचवलं, कुणाच्या प्रश्नाने अडलं, आणि कुणी हो म्हटल्यावर पुढे सरकलं. साधारण तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतील. कंपनीची खरी रचना ती. यानंतर कोडच्या रिपॉझिटरीत (जिथे सगळा कोड साठवलेला असतो तिथे) कोडओनर्स नावाची फाईल आहे का बघा. कुठल्या फोल्डरमधला बदल कुणी तपासायचा ते तिथे लिहिलेलं असतं. मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीत, बदल मिसळायला किती मंजुऱ्या लागतात, प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या यंत्रणेवर, बदल कोण डिप्लॉय करू (चढवू) शकतं आणि क्लाऊडचं बिल कुणाच्या खात्यावर येतं, एवढं विचारून घ्या. हे विचारण्यात काही गैर नाही. उलट विचारणारा माणूस कामाला लागलाय असं समोरच्याला कळतं.

दुसऱ्या आठवड्यात काम उचला. कुणी सांगेल म्हणून वाट बघणं ही आपल्याकडून होणारी सगळ्यात मोठी चूक. शाळा-कॉलेजात न विचारता काही केलं की ओरडा बसतो, त्यामुळे ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. अशा कंपनीत महिनाभर वाट बघितली, तर ‘या माणसाला काही सुचत नाही’ असं मत होतं आणि ते बदलायला पुढे फार कष्ट पडतात. मात्र सगळ्यांच्या नजरेत भरणारं मोठं कामही घेऊ नका. तीन-चार दिवसांत संपेल असं घ्या: कोड तपासणारी पण अधूनमधून उगाच नापास होणारी टेस्ट, ऑन-कॉलवाल्याला (बिघाड निस्तरायची पाळी असलेल्याला) वारंवार उठवणारी एखादी चूक, जुनं झालेलं सेटअपचं पान. घेतल्याबरोबर सगळ्यांच्या चॅट चॅनेलवर लिहा, ‘हे मी घेतलंय, गुरुवारपर्यंत होईल.’ जमत नसेल तर बुधवारीच लिहा, ‘हे सोडतोय, इथपर्यंत झालंय.’ मॅनेजर नसलेल्या ठिकाणी कामं मुकाट्याने मरतात. कुणीतरी करतंय असं प्रत्येकाला वाटत राहतं आणि प्रत्यक्षात कुणीच करत नसतं.

लहान कामाच्या पुढचा कुठलाही बदल असेल तर प्रस्ताव लिहा. एक पान पुरतं. त्याचा साचा असा:

काय: रिपोर्टचं रात्री २ वाजता चालणारं काम सकाळी ६ ला हलवायचं.
का: बॅकअपही रात्री २ लाच चालतो. दोन्ही एकत्र आले की डेटाबेस मंदावतो आणि ऑन-कॉलवाल्याला फोन जातो.
कुणाला फरक पडेल: सपोर्टला रिपोर्ट चार तास उशिरा मिळेल. त्यांना विचारलं, ९ च्या आत मिळाला तर चालेल म्हणाले.
मागे कसं फिरायचं: वेळापत्रकातली एक ओळ पूर्ववत करायची, पाच मिनिटांचं काम.
कधी: गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत सकारण हरकत आली नाही, तर सोमवारी सकाळी लावणार.

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. ती नसेल तर प्रस्ताव पंधरा दिवस तसाच पडून राहतो, कारण हो म्हणायचा अधिकार आपल्याला आहे असं कुणालाच वाटत नाही. ‘मागे कसं फिरायचं’ ही ओळ असली की लोक लवकर राजी होतात. आणि शुक्रवारी बदल लावू नका. काही फुटलं तर शनिवारी निस्तरायला माणूस मिळत नाही.

सगळ्यांना आवडलं पाहिजे, असं यात नाही. ज्यांना फरक पडणार आणि ज्यांना विषय कळतो, त्यांचा सल्ला घ्यायचा, तो लिहून ठेवायचा आणि मग आपण ठरवायचं. सल्ला मानलाच पाहिजे असं नाही, पण न मानण्याचं कारण लिहावं लागतं. हरकत घेणाऱ्यानेही ‘मला हे बरोबर वाटत नाही’ एवढ्यावर थांबायचं नाही, नुकसान काय होईल ते सांगायचं. हे तुम्हालाही लागू आहे. बैठकीत गप्प बसून नंतर टपरीवर चहा पिताना ‘हे चुकलंच’ म्हणायचं, ही सवय इथे महागात पडते, कारण गप्प बसणं म्हणजे संमती असं धरलेलं असतं. बोलायला जड जात असेल तर बैठकीनंतर तासाभरात दोन ओळी लिहा, त्यालाही तेवढंच वजन असतं.

मुदत देताना कॅलेंडर बघा. दिवाळीच्या आठवड्यात किंवा विसर्जनाच्या दिवशी दिलेली ७२ तासांची मुदत खरी मुदत नसते. सहकारी परदेशात असतील तर घड्याळही बघा: सॅन फ्रान्सिस्कोतले सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे ९:३० आणि हिवाळ्यात १०:३०. तिकडची घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, तेव्हा बैठका चुकतात.

आता त्या न दिसणाऱ्या थराबद्दल. पुण्यात तो बऱ्याचदा एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे, आधीच्या एकाच कंपनीतले किंवा रोज एकत्र जेवणारे यांचा असतो. त्यात वाईट हेतू नसतो, पण निर्णय डब्याच्या टेबलावर होतात आणि बाहेरगावहून आलेल्याला ते उशिरा कळतात. भांडून उपयोग नाही. ‘हे चॅनेलवर लिहाल का, म्हणजे पुढे सापडेल’ एवढं शांतपणे, दर वेळी म्हणत राहा. त्या तीन-चार नावांपैकी एकाला थेट विचारा: पहिले तीन महिने आठवड्यातून अर्धा तास द्याल का? बहुतेक लोक हो म्हणतात. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं जड जात असेल तर नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणा. फक्त ‘सर’ म्हणून मान डोलवत बसू नका.

पगारवाढीचं अगोदर विचारा, शक्यतो ऑफर स्वीकारण्याआधी: कुठल्या महिन्यात, कोण ठरवतं, सूत्र आहे की सहकाऱ्यांचं मत? सोशल मीडियासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बफर कंपनीने २०१३ मध्ये सगळ्यांचे पगार आणि त्यांचं सूत्रही उघड केलं. तसं नसेल तिथे सहकाऱ्यांच्या आठवणीवर भिस्त असते, आणि लोकांना शेवटचे दोन महिनेच आठवतात. म्हणून दर शुक्रवारी चार ओळी लिहून ठेवा: काय केलं, कुणाला उपयोग झाला, लिंक. बैठकीच्या नोंदी काढणं, नव्यांना शिकवणं, दोन गटांत समेट घडवणं ही कामंही त्यात लिहा. ती बहुतेकदा मुलींच्या गळ्यात पडतात आणि हिशेबात धरली जात नाहीत. हे थांबायला हवं, आणि सुरुवात लेखी नोंदीपासूनच होते.

‘हवी तेवढी रजा’ असं धोरण असेल तर आपणच हद्द आखायची, नाहीतर वर्ष संपतं आणि चार दिवसही घेतलेले नसतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीला नांदेड-नागपूरचं तिकीट काढाल त्याच दिवशी रजा सगळ्यांच्या कॅलेंडरवर टाका.

रचना कितीही सपाट असली तरी कायदा तोच असतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे: अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निदान निम्म्या महिला, एक सदस्य कंपनीबाहेरचा. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. ‘आमच्याकडे वरिष्ठ कुणी नाही’ हे उत्तर चालत नाही. समितीची नावं पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधीही लागू होतो.

नेमणूक पत्रात पद लिहून मागा. घराच्या कर्जासाठी बँक, व्हिसासाठी वकिलात आणि पुढची कंपनी, तिघेही पद विचारतात. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ एवढं पुरतं. त्याच पत्रात परिविक्षा (प्रोबेशन) कधी संपते, ती संपल्याचं कोण कळवणार आणि राजीनामा कुणाच्या नावे द्यायचा, हे लिहिलेलं आहे का तेही बघा. नसेल तर सही करण्याआधी ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर कंपनीच्या खात्यावर न ठेवता स्वतःच्या खात्यावर जपून ठेवा, कारण नोकरी सुटते त्याच दिवशी कंपनीचं खातं बंद होतं.