नाव आहे पण वस्तूच नाही, मग लॉजिकमध्ये कसं लिहायचं?

बुधाची कक्षा हिशोबात बसत नव्हती म्हणून ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सांगितलं की बुधाच्या कक्षेच्याही आत एक ग्रह असणार, त्याला व्हल्कन नाव पडलं, ग्रह काही सापडला नाही आणि १९१५ ला आइन्स्टाइनने जनरल रिलेटिव्हिटीने तो हिशोब जुळवून दिला. म्हणजे 'व्हल्कन अस्तित्वात नाही' हे वाक्य खरंय. पण नेहमीच्या प्रेडिकेट लॉजिकमध्ये (नावं, गुणधर्म आणि 'सर्व'/'काही' वापरून वाक्यं चिन्हांत लिहायची पद्धत) ते लिहायला बसा, लगेच अडकाल. तिथे प्रत्येक नावाला डोमेनमधली, म्हणजे ज्या वस्तूंबद्दल बोलतोय त्यांच्या संचातली, एक वस्तू द्यावीच लागते. 'व्हल्कन = व्हल्कन' फुकटात मिळतं आणि पुढच्याच स्टेपला 'असं काहीतरी आहे जे व्हल्कन आहे' हे सिद्ध होतं, नुसतं नाव ठेवलं की ग्रह तयार!

पहिला उपाय तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचा, १९०५ चा. नाव काढून टाका, त्याजागी वर्णन लिहा: असा एक आणि एकच ग्रह आहे जो बुधाच्या कक्षेच्या आत फिरतो. आता आख्ख्या वाक्याला नकार द्या, काम झालं. फक्त नकार कुठे बसतो ते नीट बघा, सगळे इथेच चुकतात. 'व्हल्कन गरम नाही' यात नकार बाहेर घेतला तर वाक्य खरं, आत घेतला (असा ग्रह आहे आणि तो गरम नाही) तर खोटं.

दुसरा उपाय फ्री लॉजिक, म्हणजे प्रत्येक नावाला वस्तू असावीच ही अट काढलेलं लॉजिक, मला हाच जास्त आवडतो कारण नाव नावच राहतं. नाव रिकामं असलं तरी चालतं, पण 'सर्व' आणि 'काही' फक्त असलेल्या वस्तूंबद्दलच बोलतात. मग दोन नियम बदलायचे. 'सर्व क्ष असे आहेत' वरून 'व्हल्कन असा आहे' म्हणायचं असेल तर आधी 'व्हल्कन आहे' ही वेगळी ओळ प्रूफमध्ये हवी, आणि 'व्हल्कन असा आहे' वरून 'काहीतरी असं आहे' काढतानाही तीच ओळ हवी.

राहिलं रिकाम्या नावाच्या साध्या वाक्यांचं (ज्यात नकार, 'सर्व', 'काही' असलं काही नाही, जसं 'व्हल्कन गरम आहे'). यावरून फ्री लॉजिकचे तीन प्रकार पडतात. निगेटिव्ह प्रकारात ती सगळी खोटी, अगदी 'व्हल्कन = व्हल्कन' सुद्धा. पॉझिटिव्हमध्ये काही खरी असू शकतात, न्यूट्रलमध्ये ती खरीही नाहीत नि खोटीही नाहीत (अस्तित्वाचं वाक्य सोडून). गणितात १/० सारखं काही येणार असेल तर निगेटिव्ह घ्या, कारण तिथे साधं वाक्य खरं ठरलं की वस्तू आहे हे आपोआप मिळतं. नकारार्थी वाक्यावरून मात्र तसं मिळत नाही, तिथे ती ओळ वेगळी सिद्ध करावीच लागते.