कर्ज फेडताना घरखर्चाचा हिशोब: या चुका टाळा

इंदूरमधील एका सहकारी पेढीत कर्जाचे अर्ज तपासण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले, आणि अजूनही सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या भागांतील ओळखीची कुटुंबे आपले हिशोब घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचे हप्ते थकतात ते उधळपट्टीमुळे, असे मला फार थोड्या घरांत आढळले. बहुतेक ठिकाणी घरखर्चाचा आकडाच मुळात चुकीचा धरलेला असतो, आणि तो चुकीचा धरण्याच्या तऱ्हा घरोघरी त्याच असतात.

वर्षाचे खर्च महिन्याच्या हिशोबात न धरणे

पगारातून हप्ते वजा केले आणि उरले ते महिन्याच्या खर्चाला मोकळे, असे समजणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या गृहस्थांचे उदाहरण सांगतो. हातात येणारा पगार ५२,००० रुपये होता. २० लाखांच्या गृहकर्जाचा, साडेआठ टक्के व्याजाने आणि २० वर्षांच्या मुदतीने, हप्ता होता १७,३५६ रुपये, आणि स्कूटरचा ३,२००. म्हणजे उरलेले ३१,४०० रुपये आपले, अशी पती-पत्नींची समजूत होती. मार्चमध्ये ८०,००० रुपये बोनस मिळाला, तेव्हा कर्ज लवकर फिटावे या सद्हेतूने त्यांनी तो सगळाच्या सगळा गृहकर्जाच्या मुद्दलात भरून टाकला.

एप्रिल लागताच वर्षाचा गहू भरण्याची वेळ आली. माळव्यातील बहुतेक घरांप्रमाणे त्यांच्याकडेही चार क्विंटल गहू एकदम येतो. पाठोपाठ दोन मुलांच्या शाळेच्या फीचा पहिला हप्ता, स्कूटरचा विमा आणि पुण्याला भाचीचे लग्न आले. यांतला एकही खर्च अचानक उद्भवलेला नव्हता. सगळे आधीपासून ठाऊक असलेलेच होते. तरीही जूनअखेर क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये चढले आणि साडेआठ टक्क्यांचे कर्ज कमी करण्याच्या घाईत महिना साडेतीन टक्क्यांचे, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांचे, कर्ज घरात आले. त्या गृहस्थांच्या पत्नी मला म्हणाल्या, “काका, आम्ही चैनीची एकही वस्तू घेतली नाही हो.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

मी त्यांना एका कागदावर वर्षाची यादी करायला बसवले. गहू, डाळी आणि मसाले, शाळेची फी, विमे, महापालिकेचा संपत्तीकर, गौरी-गणपती, दिवाळी, महाराष्ट्रातल्या लग्नकार्यांचे जाणे-येणे आणि आहेर. बेरीज आली १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,०००. खर्चाला ३१,४०० नव्हे तर २१,४०० रुपयेच आहेत, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले. हे १०,००० रुपये पगाराच्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात जावेत आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड घेऊच नये, असा माझा आग्रह असतो. खाते एकच ठेवून “लक्षात ठेवू” म्हणणाऱ्यांचे पैसे उरलेले मी पाहिलेले नाहीत.

मुद्दलात जादा रक्कम भरणे चांगलेच, आणि फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, व्याजाच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून बँकेला त्यासाठी दंडही घेता येत नाही. परंतु वर्षाचे खाते भरलेले असल्याशिवाय आणि निदान तीन महिन्यांचे हप्ते व घरखर्च बाजूला असल्याशिवाय ती भरू नये. बँकेला दिलेले पैसे अडचणीच्या वेळी परत मागता येत नाहीत.

कार्डाची किमान रक्कम भरून निश्चिंत होणे

बिलावरची किमान रक्कम, जी साधारणपणे थकबाकीच्या पाच टक्के असते, ती भरली की आपण नियमित आहोत असे लोकांना वाटते. वरच्याच कुटुंबाचा हिशोब पाहा. ५०,००० रुपयांवर किमान रक्कम २,५००. त्यांपैकी साडेतीन टक्क्यांप्रमाणे व्याज १,७५० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ३१५. मुद्दलातून कमी झाले अवघे ४३५ रुपये. कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता असे वर्षभर भरत राहिले, तर २३,००० रुपयांहून अधिक रक्कम केवळ व्याज आणि करात जाते. शिवाय बिल पूर्ण न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, आणि दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

यावर माझा उपाय एकच आहे. कार्ड घरातून बाहेर न्यायचे नाही, ऑनलाइन दुकानांतून त्याचा क्रमांक काढून टाकायचा, आणि थकबाकी कमी व्याजाच्या, ठराविक मुदतीच्या कर्जात वळवायची. तेच ५०,००० रुपये १४ टक्क्यांनी दीड वर्षाच्या कर्जात घेतले, तर हप्ता सुमारे ३,१०० रुपये पडतो. महिन्याला ६०० रुपये जास्त द्यावे लागतात, पण अठराव्या महिन्यात ते कर्ज संपते. त्या कुटुंबाने हेच केले. मात्र कर्ज वळवल्यावर कार्ड मोकळे झाले म्हणून ते पुन्हा वापरू लागणारे लोकही मी पाहिले आहेत, आणि त्यांना दुसऱ्यांदा सोडवणे फार कठीण जाते.

किराण्यावर पहिला घाव घालणे

उतावळे नवशिके पहिल्याच महिन्यात किराणा निम्म्यावर आणतात, मुलांचे दूध-फळे कमी करतात, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे कंटाळून बाहेरून जेवण मागवतात. पहिले दोन महिने काहीही न तोडता फक्त लिहावे आणि मग दहा टक्के कमी करावे. तेल, साखर, तांदूळ, डाळी इंदूरच्या सियागंज बाजारातून घाऊक भावाने आणल्या तर बचत होते. शेव-फरसाण घाऊक आणले तर घरात ते दुप्पट संपते. कोपऱ्यावरच्या दुकानातील वहीवर लिहिलेली उधारी हेही कर्जच आहे, तेव्हा ती हप्त्यांच्या रकान्यात मांडावी.

विजेच्या बिलाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर गृहज्योती योजनेत पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात, आणि वापर १५० युनिटांपुढे गेला की ही सवलतच जाते. मीटरचा आकडा दर रविवारी वहीत लिहावा.

ॲपवर सगळा भार टाकणे

मोबाइलवर खर्चाचे ॲप घ्यायचे, त्यात तीस रकाने करायचे आणि पंधरवड्यात सोडून द्यायचे, याला हिशोब म्हणत नाहीत. ज्यांना साधन हातात आले की काम झाले असे वाटते, त्यांच्याविषयी मला काळजी वाटते. मी दुरेघी वही वापरतो. तिच्यात हप्ते, वर्षाचे खाते, किराणा-भाजी, बिले आणि इतर असे पाचच रकाने आहेत, आणि रात्री जेवणानंतर नवरा-बायको दोघांनी मिळून ते भरावेत असे मी सांगतो. जोडीदारापासून एखादे कर्ज लपवले असेल, तर कोणताही रकाना खरा राहत नाही.

थोडक्यात सांगण्याजोग्या

फ्लॅट व्याजदर, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी मूळच्या पूर्ण रकमेवर लागणारे व्याज, ऐकून भुलू नये. तीन वर्षांच्या कर्जाला १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकेवर सुमारे २१ टक्के होतात.

हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची करून घ्यावी. बँका अर्ज दिल्यावर बहुधा बदलून देतात.

एका ॲपचे कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपचे कर्ज कधीही घेऊ नये.

हप्ते चालू असताना आरोग्यविमा बंद करू नये.

हप्ता भरता येणार नाही असे दिसत असताना गप्प बसणे

खात्यात शिल्लक नसताना हप्ता परत गेला, तर कर्ज देणारी संस्था आणि आपली बँक दोघेही शुल्क लावतात आणि नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जदारांच्या परतफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, जाते. म्हणून तारखेच्या आठवडाभर आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा; फोनवरचे बोलणे पुढे कोणी मानत नाही. फ्लोटिंग गृहकर्जात व्याजदर खाली येतो तेव्हा बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तेव्हाही अनेकांच्या बाबतीत असेच झाले. घरखर्चाची ओढाताण असेल तर मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून मागावा. अर्जासोबत तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, खात्याचा उतारा आणि वर्षाच्या खर्चाची ती यादी जोडावी. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नये.